टार्गेटेड थेरपीची विमा-मंजुरी: कोल्हापूरच्या रुग्णांसाठी पहिल्या डोसाआधीची तयारी

तीन कागद एकत्र समोर ठेवा: पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, ऑन्कोलॉजिस्टची (कर्करोगतज्ज्ञाची) चिठ्ठी आणि पॉलिसीची पूर्ण प्रत. पूर्ण प्रत म्हणजे एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं एक पानी सर्टिफिकेट नव्हे, अटी-शर्तींची तीस-चाळीस पानं. टार्गेटेड औषधांचे, म्हणजे कर्करोगाच्या पेशींतल्या ठरावीक लक्ष्यावर नेम धरणाऱ्या औषधांचे, बहुतेक दावे या तिघांत कुठेतरी मेळ बसत नाही म्हणून अडकतात. रिपोर्टमध्ये एक लिहिलेलं असतं, चिठ्ठीत त्याचा उल्लेख नसतो, आणि पॉलिसीत ते औषध कुठल्या सदरात बसतं ते कुणी पाहिलेलं नसतं. पहिला डोस पडायच्या आधीच हा मेळ बसवून घ्यावा. नंतर तेच काम चौपट कष्टाचं होतं.

आधी ठरवा: इंजेक्शन की गोळी

टार्गेटेड औषधं दोन प्रकारे येतात, आणि विम्याचे रस्ते तिथेच वेगळे होतात. ट्रॅस्टुझुमॅब, बेव्हासिझुमॅब, रिटुक्सिमॅब ही सलाइनमधून दिली जातात. रुग्ण सकाळी दाखल होतो आणि संध्याकाळी घरी जातो. याला डे केअर म्हणतात. इथे २४ तास दाखल राहण्याची अट लागत नाही आणि कॅशलेस (कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते) मिळू शकतं. इमॅटिनिब, गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब, पाल्बोसिक्लिब या गोळ्या-कॅप्सूल घरी घ्यायच्या असतात. ‘हे ओपीडीचं औषध, हॉस्पिटलायझेशन नाही’ हे उत्तर त्यांनाच सर्वांत जास्त वेळा मिळतं.

पॉलिसीत ‘आधुनिक उपचारपद्धती’ असं शीर्षक शोधा. विमा नियामकाने १२ उपचारांची यादी दिली आहे, ज्यांना सरसकट वगळता येत नाही. त्यात ‘ओरल केमोथेरपी’ आहे आणि ‘इम्युनोथेरपी: इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी’ही आहे. मात्र या उपचारांवर उपमर्यादा (विमा रकमेच्या आतली वेगळी कमाल मर्यादा) घालायला कंपन्यांना मुभा आहे. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे, शिवाय प्रत्येक दाव्यात ५ टक्के हिस्सा रुग्णाने भरायचा. म्हणजे पाच लाखांच्या पॉलिसीत या सदरासाठी अडीच लाख. इतर पॉलिसींत हा आकडा वेगळा असतो. काहींत उपमर्यादा नसतेच, आणि अशी पॉलिसी हाताशी असेल तर ती जपून ठेवावी.

ट्रॅस्टुझुमॅब ही मोनोक्लोनल अँटिबॉडीच आहे, म्हणून काही कंपन्या ते ‘इम्युनोथेरपी’च्या उपमर्यादेत टाकतात. प्रत्यक्षात ते कर्करोगाच्या पेशींवरच्या हर-टू या ग्राहीवर (रिसेप्टरवर) नेम धरणारं टार्गेटेड औषध आहे, आणि बहुतेक वेळा केमोथेरपीसोबत दिलं जातं. प्री-ऑथच्या (उपचाराआधी मागायच्या मंजुरीच्या) फॉर्ममध्ये हॉस्पिटलने ‘इम्युनोथेरपी’ लिहिलं, तर ती मर्यादा लावायला कंपनीला आयतं कारण मिळतं. त्यामुळे फॉर्मवर ‘हर-टू पॉझिटिव्ह स्तनाच्या कर्करोगासाठी टार्गेटेड थेरपी, डे केअर केमोथेरपी’ असं स्पष्ट लिहायला सांगा. पॉलिसीतले शब्दच संदिग्ध असतील तर कंपनीला आधी ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘होय होय, कव्हर आहे’ पुढे कुणीच मान्य करत नाही.

गोळ्यांसाठी उपलब्ध वाटा

पहिली वाट ‘ओरल केमोथेरपी’चं कलम. ते शब्दशः वाचा. काही पॉलिसींत ते दाखल रुग्णाच्या किंवा डे केअरच्या खर्चाला जोडलेलं असतं, काहींत घरी घेतलेल्या गोळ्यांनाही लागू होतं. दुसरी वाट हॉस्पिटलायझेशननंतरच्या खर्चाची. पॉलिसीप्रमाणे ६०, ९० किंवा १८० दिवस. शस्त्रक्रिया किंवा डे केअर केमोनंतर त्याच आजारासाठी या मुदतीत घेतलेल्या गोळ्यांचा दावा करता येतो. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, डोस आणि कालावधी लिहिलेला हवा. ‘ओरल मेडिसिन्स अ‍ॅज अ‍ॅडव्हाइज्ड’ एवढ्यावर काहीच मिळत नाही. तिसरी वाट ओपीडी रायडर (मूळ पॉलिसीला जोडून घेतलेलं ओपीडी खर्चाचं संरक्षण), पण त्याची रक्कम सहसा इतकी लहान असते की एक-दोन महिन्यांत संपते.

चौथी वाट नोकरीच्या जागेची. साखर कारखाना, दूध संघ, बँक, फाउंड्री यांच्या समूह पॉलिसींत अनेकदा ‘ओरल टार्गेटेड’ औषधांचा वेगळा उल्लेख असतो, आणि काहींत कॉर्पोरेट बफर नावाची राखीव रक्कमही असते. ती मिळवायला एचआरने पत्र द्यावं लागतं. एचआरला हा बफर असल्याचं आठवत नसेल तर विमा ब्रोकरला विचारायला सांगा.

केवळ गोळी द्यायची म्हणून रुग्णाला एक दिवस दाखल दाखवण्याचा सल्ला कधीकधी मिळतो. तो घेऊ नका. दाखल करण्याची वैद्यकीय गरज नव्हती म्हणून दावा तर नाकारला जातोच, पुढचे खरे दावेही संशयाने तपासले जातात.

पाल्बोसिक्लिब १२५ मिलीग्रॅम २१ दिवस रोज आणि मग ७ दिवस खंड असं घेतात. म्हणजे २८ दिवसांच्या सायकलला २१ कॅप्सूल. चिठ्ठीत ‘महिन्याचं औषध’ लिहिलं आणि बिल ३० कॅप्सूलचं आलं की टीपीए (कंपनीच्या वतीने दावे तपासणारी संस्था) जादा नग कापतो. ओसिमर्टिनिब ८० मिलीग्रॅम रोज एक, इमॅटिनिब बहुधा ४०० मिलीग्रॅम रोज. चिठ्ठी, नगांची संख्या आणि बिल एकमेकांशी जुळले पाहिजेत.

कोणती तपासणी कोणत्या औषधाला

टार्गेटेड औषध विशिष्ट लक्ष्य असलेल्यांनाच दिलं जातं, म्हणून टीपीएचा डॉक्टर पहिल्यांदा तेच शोधतो. स्तनाच्या कर्करोगात ट्रॅस्टुझुमॅबसाठी आयएचसी चाचणीत (गाठीच्या नमुन्यातलं प्रथिन रंगवून पाहतात) हर-टू ३+ हवं. २+ आलं तर ते अनिर्णित धरतात, आणि फिश चाचणी (जनुकाच्या प्रती मोजणारी) लागते. २+ वरच प्री-ऑथ पाठवलं की ‘फिश रिपोर्ट सादर करा’ ही क्वेरी हमखास येते, आणि डोसाची तारीख पुढे सरकते. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकातला एक्सॉन १९ चा लोप किंवा एल८५८आर बदल दिसला पाहिजे. आधी गेफिटिनिब चालू होतं आणि आता ओसिमर्टिनिबवर जायचं आहे, अशा वेळी टी७९०एम या जनुकीय बदलाचा रिपोर्ट मागतात. तो रक्तावरूनही करता येतो. आतड्याच्या कर्करोगात सेटुक्सिमॅब द्यायचं तर रास जनुकात बदल नसल्याचा रिपोर्ट लागतो. रक्ताच्या सीएमएल कर्करोगात बीसीआर-एबीएल या जोडजनुकाचा.

यातल्या बऱ्याच जनुकीय चाचण्यांचे नमुने मुंबई-पुण्याच्या किंवा दिल्लीच्या लॅबला जातात आणि उत्तराला एक ते तीन आठवडे लागू शकतात. त्यासाठी बायोप्सीचा मेणातला ब्लॉक (जतन केलेला नमुना) लागतो. ज्या लॅबने पहिली तपासणी केली तिथून ब्लॉक आणि स्लाइड्स लेखी अर्जाने मिळतात. तो अर्ज बायोप्सीचा निकाल हातात येताच द्यावा. औषध ठरेपर्यंत थांबलात तर तेवढे दिवस वाया जातात. बायोप्सी एका नावाने आणि आयएचसी दुसऱ्या स्पेलिंगने, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. आधार, पॉलिसी आणि रिपोर्ट यांत नाव, वय एकसारखं आहे ना ते स्वतः तपासा.

प्री-ऑथची फाइल

अर्जाचे दोन भाग असतात: एक रुग्णाने भरायचा, दुसरा हॉस्पिटलने. दुसऱ्या भागावर तुमची सही होते, म्हणून तो कोरा असताना सही करू नका. त्यात निदानाचा आयसीडी कोड (स्तनाला सी५०, फुप्फुसाला सी३४ पासून सुरुवात), आजार कधीपासून आहे, अंदाजे खर्च आणि उपचाराचं वर्णन असतं. ‘कधीपासून’ या रकान्याकडे नीट पाहा. पाच महिन्यांचं पाच वर्षं झालं, तर दावा आधीच्या आजाराच्या प्रतीक्षा कालावधीत (ज्यात त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत) जातो. ही प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांची आहे.

तंबाखू, मिश्री, मधुमेह याबाबतही खरं तेच सांगा. विमा घेतानाच्या प्रस्तावात लपवलेलं केस पेपरवर उमटतंच, आणि ‘माहिती दडवली’ म्हणून नकार येतो. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर मात्र सिद्ध झालेल्या फसवणुकीशिवाय कंपनीला या कारणावर दावा उकरता येत नाही. जुन्या पॉलिसीधारकांनी आपल्या पहिल्या पॉलिसीची तारीख दाखवणारे कागद, पोर्ट केलं (कंपनी बदलली) असेल तर आधीच्या कंपनीचेही, फाइलमध्ये ठेवावेत.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे ऑन्कोलॉजिस्टचं वैद्यकीय गरजेचं पत्र. डॉक्टरांना वेळ नसतो, म्हणून मुद्दे आपणच लिहून न्यावेत. निदान आणि टप्पा. लक्ष्य दाखवणारी चाचणी, तिचा निकाल आणि तारीख. आतापर्यंत झालेले उपचार. प्रस्तावित औषध, रुग्णाचं वजन, डोस, किती दिवसांनी आणि एकूण किती वेळा. सोबतची इतर औषधं. हे औषध या आजारासाठी भारतात मंजूर आहे आणि कोणत्या उपचार-मार्गदर्शिकेत (एनसीसीएन, एस्मो किंवा नॅशनल कॅन्सर ग्रिड) त्याची शिफारस आहे. आणि हे दिलं नाही तर काय पर्याय उरतो. मंजुरी नसलेल्या वापरासाठी औषध सुचवलं असेल तर ‘सिद्ध न झालेले उपचार’ हे वगळणुकीचं कलम क्रमांक १६ लागू करण्याची शक्यता मोठी. डॉक्टरांना आधी थेट विचारा: हा वापर मंजूर आहे का?

डोसाचं गणित फाइलमध्येच मांडलेलं बरं. ट्रॅस्टुझुमॅबचा पहिला डोस किलोला ८ मिलीग्रॅम आणि पुढे दर तीन आठवड्यांनी किलोला ६. साठ किलोच्या बाईला पहिल्यांदा ४८० मिलीग्रॅम आणि नंतर ३६०. बाजारातली नेहमीची बाटली ४४० ची. म्हणजे पहिल्या डोसाला एका बाटलीत भागत नाही, आणि पुढच्या डोसांत ८० मिलीग्रॅम उरतं. सोबत मिळणाऱ्या जीवाणूरोधक द्रावणात मिसळलं आणि फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलं, तर ४४० च्या बहुडोस बाटलीतलं उरलेलं औषध २८ दिवस वापरता येतं. साध्या निर्जंतुक पाण्यात मिसळलं असेल तर नाही. टीपीए ‘जादा बाटली का?’ असं विचारतो तेव्हा औषध कुठल्या द्रावणात मिसळलं आणि उरलेल्याचं काय झालं, याची नर्सिंग नोंद कामाला येते. हृदयाचा इकोही लागतो: सुरू करण्याआधी एक आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी. इकोची तारीख उलटलेली असेल तर पुढच्या डोसाची मंजुरी थांबते. पूर्ण उपचार सहसा वर्षभराचा असतो, म्हणून इकोच्या तारखा डोसांच्या तक्त्यावरच मांडून ठेवा.

अर्ज पाठवल्यावर

नियोजित डोसासाठी किमान ४८ तास आधी अर्ज जायला हवा. जनरल इन्शुरन्स कौन्सिलच्या जानेवारी २०२४ पासूनच्या ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ योजनेत नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलसाठीही हीच अट आहे. नियामकाच्या २०२४ च्या सूचनेनुसार कॅशलेस अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. प्रत्यक्षात क्वेरी आली की घड्याळ हॉस्पिटलच्या बाजूला सरकतं. क्वेरी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्ककडे जाते, तुमच्याकडे नाही. म्हणून डेस्कवरच्या माणसाचा नंबर घ्या, अर्जाचा संदर्भ क्रमांक घ्या, आणि दर दोन तासांनी विचारा. सोमवारी डोस असेल तर कागद शुक्रवारीच पोहोचलेले बरे.

मंजुरीच्या पत्रात एकूण आकड्याशिवाय पाहायच्या गोष्टी: मंजुरी एका डोसाची की पूर्ण कोर्सची, कुठली उपमर्यादा लावली, आणि काय ‘अदेय’ ठरवलं. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडल्यावर जी प्रमाणशीर कपात होते, ती औषधं, उपभोग्य साहित्य आणि तपासण्या यांवर लावता येत नाही. औषधाच्या बिलावर अशी कपात दिसली तर तिथल्या तिथे हरकत घ्या. टार्गेटेड थेरपीत बिलाचा मोठा भाग औषधाचाच असतो.

निदान मुंबईत परळला आणि डोस कोल्हापुरात, हे आपल्याकडे सर्रास होतं. अशा वेळी टीपीएला उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही लागते. मुंबईची चिठ्ठी पुरत नाही. स्थानिक ऑन्कोलॉजिस्टने स्वतःच्या लेटरहेडवर त्या सल्ल्याचा संदर्भ देऊन वेगळी चिठ्ठी लिहावी. डोस देणारं केंद्र रुग्णालय किंवा डे केअर म्हणून नोंदणीकृत आहे का, हेही विचारा. नोंदणी नसलेल्या क्लिनिकमधल्या खुर्चीवर बसून घेतलेला डोस पॉलिसीच्या भाषेत ओपीडीच ठरू शकतो.

औषध कुठून घ्यायचं

कॅशलेसमध्ये औषध बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या मेडिकलमधूनच घ्यावं लागतं. रिइंबर्समेंटमध्ये (आधी स्वतः भरून मग कंपनीकडून परत घ्यायचं) बाहेरून घेता येतं, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. इमॅटिनिब, गेफिटिनिब, पाल्बोसिक्लिबच्या भारतीय जेनेरिक आहेत, ट्रॅस्टुझुमॅब, बेव्हासिझुमॅब, रिटुक्सिमॅबच्या बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधासारख्याच आवृत्त्या. २०१९ मध्ये सरकारने ४२ कर्करोगविरोधी औषधांवर व्यापारी नफ्याची ३० टक्के मर्यादाही घातली. बायोसिमिलर चालेल का हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा, दुकानदाराला नाही.

बाहेरून घेतलेल्या औषधाच्या बिलावर रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, दुकानाचा परवाना आणि जीएसटी क्रमांक हवा. रिकामं खोकं आणि बाटलीवरचा स्टिकर टाकू नका. पुण्याहून इंजेक्शन आणताना रात्रीच्या बसमध्ये वरच्या रॅकवर ठेवलेली पिशवी म्हणजे नासलेलं औषध. शीतपेटी हवीच, आणि बाहेरचं इंजेक्शन हॉस्पिटल लावायला तयार आहे का ते आणण्याआधी विचारा.

सरकारी योजना

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र राबवल्या जातात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि राज्याने फुले योजना सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली केली आहे. सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो, भाऊसिंगजी रोडवरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही. प्री-ऑथ तोच पाठवतो. शिधापत्रिका, आधार आणि निदानाचे मूळ रिपोर्ट सोबत न्या.

इथली रीत खासगी विम्यापेक्षा वेगळी: औषधांची पॅकेजेस ठरलेली असतात. इमॅटिनिब, ट्रॅस्टुझुमॅब यांसारखी जुनी टार्गेटेड औषधं त्यांत आहेत, नवी महागडी बरीच नाहीत. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध पॅकेजात बसतं का, आणि बसत नसेल तर त्याच गटातलं दुसरं चालेल का, हे आरोग्यमित्र आणि डॉक्टर दोघांना एकत्र बसवून विचारावं. पॅकेजमधल्या औषधासाठी पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा. ईएसआय (कामगार राज्य विमा) असलेल्या कामगारांनी मात्र आधी ईएसआय दवाखान्यातून रेफरल घ्यावं. आधी औषध घेऊन मग बिल मागणं तिथे फार अवघड जातं.

टॉप-अपची गल्लत

पाच लाखांची पॉलिसी आणि वर पाच लाख वजावटीचं (तेवढ्यापुढचाच खर्च देणारं) साधं टॉप-अप घेतलं असेल, तर डोसांच्या उपचाराला त्याचा जवळजवळ उपयोग नाही. साध्या टॉप-अपमध्ये वजावट प्रत्येक दाव्याला वेगळी मोजतात. एक डोस साठ हजारांचा मानला, तर एकही दावा पाच लाखांची रेषा ओलांडत नाही. सुपर टॉप-अप वर्षभराच्या दाव्यांची बेरीज धरतं. आठ डोसांत ४ लाख ८० हजार होतात, आणि नवव्या डोसातले वीस हजार मूळ पॉलिसीतून आणि चाळीस हजार सुपर टॉप-अपमधून मिळतात. ‘रिस्टोरेशन’ सुविधेतही त्याच आजारासाठी रक्कम पुन्हा भरली जाते का, ते वाचा. काही पॉलिसींत जात नाही.

नकार आला तर

कॅशलेस नाकारणं म्हणजे दावा नाकारणं नव्हे. उपचार थांबवू नका, बिल भरा आणि रिइंबर्समेंटचा दावा लावा. पूर्ण दावा नाकारायचा असेल तर कंपनीच्या दावे आढावा समितीची संमती लागते, आणि नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम लिहावं लागतं. ते नसेल तर एवढाच मजकूर पाठवा:

‘आपण दावा क्र. … नाकारला आहे. नकार पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली आहे, आणि दावे आढावा समितीने तो कधी मान्य केला, हे लेखी कळवावे. सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि चाचणी रिपोर्ट पुन्हा जोडत आहे.’

ही तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही टाका. महिनाभरात उत्तर नाही किंवा ते समाधानकारक नाही, तर विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या लोकपालाकडे येतो. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तो पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका, ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही.

नूतनीकरणाची तारीख

वर्षभराचा उपचार बहुधा दोन पॉलिसी वर्षांत विभागला जातो. आजार झाला किंवा दावे केले म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते आणि त्यात पैसे भरले की सातत्य टिकतं, पण मधल्या दिवसांत पडलेला डोस पॉलिसीत धरला जात नाही. म्हणून डोसांचा तक्ता आणि हप्त्याची तारीख शेजारी ठेवून, हप्ता आठवडाभर आधी भरा. नूतनीकरणानंतर विमा रक्कम आणि उपमर्यादा नव्याने सुरू होतात, पण जुन्या वर्षाचं मंजुरीपत्र पुढे चालत नाही. नवी पॉलिसी हाती आली की तिची प्रत, ताजा इको आणि उरलेल्या डोसांची चिठ्ठी टीपीए डेस्कला द्या, आणि पुढच्या डोसाचं प्री-ऑथ नव्या क्रमांकावर पाठवून घ्या.